१८९८ आणि अमेरिकेचं बेटांवरचं साम्राज्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८९८ साली अमेरिकेचं स्पेनशी युद्ध झालं आणि वर्ष सरता सरता कॅरिबियनपासून पॅसिफिकपर्यंतची बेटं तिच्या पदरात पडली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. घोळ पुढे होतो. हवाई, क्यूबा, पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स ही नावं एका दमात घेतली जातात आणि सगळ्यांचं एकच झालं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात प्रत्येक बेटाचा कागद वेगळा होता. कुठे संसदेचा ठराव, कुठे तह, कुठे लष्करी खर्चाच्या विधेयकाला जोडलेली शेपटी, कुठे न्यायालयाचा निकाल. खालची उत्तरं त्या कागदांना धरून दिली आहेत, कारण त्या बेटांचं आजचं भांडणसुद्धा त्याच कागदांवरून चाललेलं आहे.

अमेरिका तर आधीपासूनच पसरत होती. मग १८९८ ला नवीन काय घडलं?

पसरत होतीच. १८०३ ला फ्रान्सकडून लुईझियाना, १८६७ ला रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का. पण जुन्या पसरण्याची एक ठरलेली वाट होती : आधी प्रदेश, मग वस्ती वाढली की राज्य, आणि राज्य झालं की बाकीच्यांच्या बरोबरीने मत. (मूळ रहिवाशांना या वाटेत जागा नव्हती, त्यांची जमीनच घेतली गेली.) १८९८ नंतर मिळालेल्या बहुतेक बेटांना पुढे राज्य होण्याचं वचन दिलंच नाही. नवीन ते हे.

समुद्रात पाऊल मात्र त्याही आधीच पडलं होतं. १८५६ च्या एका कायद्याने, पक्ष्यांच्या विष्ठेचं खत असलेलं निर्जन आणि बेवारस बेट सापडलं तर अमेरिकन नागरिकाला त्यावर देशाच्या वतीने हक्क सांगता येत होता. मिडवे बेट १८६७ पासून अमेरिकेकडे आहे.

एवढ्या दूरच्या, एवढ्याशा बेटांची गरज काय होती?

कोळसा. त्या काळची युद्धनौका कोळशावर चालायची आणि मध्ये कुठे कोळसा भरल्याशिवाय पॅसिफिक ओलांडून लढायला जाणं तिला जमत नसे. युद्ध सुरू झालं की तटस्थ देश आपली बंदरं बंद करतात, मग पैसे असूनही कोळसा मिळत नाही. एप्रिल १८९८ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर ड्यूईचं आरमार हाँगकाँगला होतं. युद्ध जाहीर होताच ब्रिटिशांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. त्याने हे आधीच ओळखून कोळशाने भरलेलं एक ब्रिटिश जहाज विकत घेऊन ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

दुसरं उदाहरण ‘ओरेगॉन’ या युद्धनौकेचं. ती १९ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली, अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून फ्लोरिडाला पोचायला तिला ६६ दिवस लागले. पनामाचा कालवा हवाच, हे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगला पुरावा नको होता. आल्फ्रेड मॅहन हा अमेरिकन आरमारी अधिकारी १८९० पासून हेच लिहीत होता : व्यापार, आरमार आणि वाटेवरची ठाणी. होनोलुलू, मिडवे, ग्वाम, मनिला ही ठिकाणं नकाशावर जोडून पाहा, चीनच्या बाजारपेठेकडे जाणारा जिना दिसतो. १९०३ मध्ये समुद्राखालची तार याच पायऱ्यांवरून टाकली गेली.

१८९३ ची मंदी, कारखान्यांत साठलेला माल, चीनमध्ये युरोपीय सत्तांची चाललेली वाटणी ही कारणंही होती. पण त्यांनी बाजारपेठेची भूक समजते, नेमकी हीच बेटं का ते समजत नाही.

हवाई स्पेनकडून जिंकलं का?

नाही. हवाईवर स्पेनचं राज्य कधीच नव्हतं. ते स्वतंत्र राज्य होतं, त्याची राणी होती, परदेशांशी केलेले तह होते. ही चूक उत्तरपत्रिकांत इतकी दिसते की उत्तर सविस्तर द्यायला हवं.

गोष्ट साखरेपासून सुरू होते. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जाऊ लागली आणि बेटांवर ऊसमळे पसरले. १८८७ मध्ये गोऱ्या मळेवाल्यांच्या आणि वकिलांच्या गटाने बंदुकीच्या धाकाने राजाकडून नवी राज्यघटना मान्य करून घेतली. तिला ‘संगिनीची घटना’ असंच नाव पडलं. त्याच वर्षी पर्ल हार्बर वापरण्याचा हक्क अमेरिकेला मिळाला. १८९० मध्ये अमेरिकेने सगळ्याच देशांची कच्ची साखर जकातमुक्त केली आणि आपल्या देशातल्या उत्पादकांना पौंडामागे २ सेंट अनुदान दिलं. हवाईची सवलत एका फटक्यात निरुपयोगी झाली. आपण अमेरिकेच्या आत गेलो तर अनुदान आपल्यालाही, असा हिशेब काहींनी मांडला. सगळ्या मळेवाल्यांनी नाही. करारावर आणलेले स्वस्त मजूर अमेरिकन कायद्याखाली बंद होतील ही भीती अनेकांना होती.

जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी नवी घटना आणू पाहत होती. १६ तारखेला ‘बॉस्टन’ या अमेरिकन जहाजावरून १६० च्या आसपास सैनिक आणि खलाशी होनोलुलूत उतरले. त्यांनी गोळी झाडली नाही, फक्त राजवाड्याच्या जवळ तळ ठोकला. १७ ला बंडखोरांनी राजवट संपल्याचं जाहीर केलं, आणि अमेरिकेच्या राजदूताने त्यांना लगोलग मान्यता दिली. राणीने सत्ता सोडताना ती बंडखोरांकडे सोडली नाही. अमेरिकेच्या बळापुढे आपण तात्पुरत्या नमतो आहोत, असं तिने लिहून दिलं. हा शब्दप्रयोग हुशारीचा होता, कारण त्यामुळे न्याय देण्याची जबाबदारी वॉशिंग्टनवर आली. अध्यक्ष क्लीव्हलँडने चौकशी लावली, विलीनीकरणाचा तह मागे घेतला. पण राणीला परत गादीवर बसवण्याइतकं बळ लावलं नाही.

१८९७ मध्ये नवे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या काळात विलीनीकरणाचा नवा तह आला. तहाला सेनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. हवाईतल्या संघटनांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या अर्जावर २१,००० हून अधिक सह्या गोळा केल्या. तेव्हा मूळ हवाईयन लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात होती, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी सही केली. शिष्टमंडळ अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेलं आणि तह अडला.

मग तहाची वाटच सोडली. फिलिपिन्समध्ये मनिलाच्या खाडीची लढाई झाली, हवाईचं महत्त्व वाढलं, आणि संयुक्त ठराव आणला गेला. त्याला दोन्ही सभागृहांत साधं बहुमत पुरतं. सेनेटमध्ये ४२ विरुद्ध २१ ने तो मंजूर झाला आणि ७ जुलै १८९८ ला मॅकिन्लीची सही झाली. दुसरा देश आपल्या देशाच्या ठरावाने खालसा करता येतो का, हा प्रश्न हवाईत आजही विचारला जातो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने राजवट उलथण्यातल्या सहभागाबद्दल माफी मागितली, तीही संयुक्त ठरावानेच.

‘मेन’ जहाज स्पेनने उडवलं का?

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री क्यूबात हवानाच्या बंदरात या अमेरिकन युद्धनौकेचा स्फोट झाला आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. त्या वेळच्या आरमारी चौकशीने बाहेरच्या सुरुंगाचा निष्कर्ष काढला, पण सुरुंग कोणी लावला ते सांगितलं नाही. १९७६ मध्ये अॅडमिरल रिकोव्हरच्या अभ्यासगटाने वेगळं मत दिलं : कोळशाच्या कोठारात आपोआप लागलेली आग शेजारच्या दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोचली असावी. बिटुमिनस कोळसा साठवला की आतल्या आत तापतो, आणि मध्ये एक लोखंडी भिंतच होती. वाद पूर्ण मिटलेला नाही. स्पेनला मात्र त्या वेळी युद्ध अजिबात नको होतं.

युद्धात किती अमेरिकन मेले?

लढाईत चारशेच्या आत. रोगाने दोन हजारांहून जास्त, आणि त्यातले पुष्कळसे कधी जहाजावर चढलेच नव्हते. ते अमेरिकेतल्याच प्रशिक्षण छावण्यांत विषमज्वराने गेले. शौचाचे चर उथळ, स्वयंपाकघर जवळ, आणि मधे माशा. नंतर नेमलेल्या वैद्यकीय मंडळाने हेच कारण दाखवलं.

हत्यारांतही असाच ढिसाळपणा होता. स्पॅनिश सैनिकांकडे धूर न करणारी ७ मिमी माउझर बंदूक होती. अमेरिकेच्या बहुतेक स्वयंसेवक पलटणींकडे काळ्या दारूची जुनी स्प्रिंगफील्ड. एक गोळी झाडली की पांढरा ढग उठायचा आणि शत्रूला नेम धरायला जागा मिळायची. पुढे अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचे प्रसिद्ध घोडेस्वार क्यूबातल्या सॅन हुआनच्या टेकड्यांवर पायी चढले, कारण जहाजांत जागा नसल्यामुळे घोडे फ्लोरिडातच राहिले होते.

ग्वाम कसं घेतलं?

जून १८९८ मध्ये ‘चार्ल्सटन’ ही युद्धनौका तिथे पोचली आणि तिने तोफा डागल्या. स्पॅनिश अधिकारी होडीतून आले ते दिलगिरी व्यक्त करायला : सलामीला सलामी देता आली नाही, आमच्याकडे दारू नाही. युद्ध सुरू झाल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शरणागती.

फिलिपिन्स जिंकलं की विकत घेतलं?

दोन्ही म्हटलं जातं आणि दोन्ही अर्धवट आहे. तारखा क्रमाने लावल्या की कळतं.

१ मे १८९८ ला ड्यूईने मनिलाच्या खाडीत स्पॅनिश आरमार बुडवलं. पण शहर घ्यायला त्याच्याकडे पायदळ नव्हतं. १९ मे ला फिलिपिनो स्वातंत्र्यलढ्याचा नेता एमिलिओ अगिनाल्दो हाँगकाँगच्या हद्दपारीतून अमेरिकन जहाजाने परतला. त्याच्या माणसांनी लुझॉन बेटाचा मोठा भाग मोकळा केला आणि मनिलाला जमिनीवरून वेढा घातला. १२ जूनला काविते प्रांतातल्या काविट गावी त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं.

ऑगस्टपर्यंत अमेरिकन पायदळ आलं. आत कोंडलेल्या स्पॅनिश गव्हर्नरला हरण्याची नाही, फिलिपिनोंच्या हाती पडण्याची धास्ती होती, आणि एक गोळीही न झाडता शरण गेलं तर मायदेशी कोर्टमार्शल ठरलेलं. बेल्जियमच्या वकिलातीमार्फत सौदा ठरला : अमेरिकनांनी थोडा तोफमारा करायचा, स्पॅनिशांनी थोडा प्रतिकार करायचा, मग पांढरं निशाण. फिलिपिनो सैन्याला शहरात येऊ द्यायचं नाही. १३ ऑगस्टला हे नाटक झालं. नाटक असूनही दोन्हीकडे माणसं मेली, कारण ठरलेलं सगळ्यांना सांगितलेलं नव्हतं.

गंमत अशी की आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीवर सह्या झाल्या होत्या. मनिलाला ते १६ तारखेला कळलं, कारण हाँगकाँगला जाणारी तार ड्यूईनेच मे महिन्यात तोडली होती. म्हणजे शहर पडलं ते युद्धबंदीनंतर. पॅरिसच्या वाटाघाटीत स्पेनने हा मुद्दा घट्ट धरला : जिंकलेलं नाही, तर हक्क कसला? त्यावरचा तोडगा म्हणजे २ कोटी डॉलर. किंमत म्हणा, तोंड बंद करण्याचे पैसे म्हणा. पोर्तो रिको आणि ग्वामसाठी काहीच दिलेलं नाही. २ कोटीत सगळी बेटं घेतली असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते चूक आहे.

अगिनाल्दोचा प्रतिनिधी फेलिपे आगोन्सिल्यो पॅरिसला गेला होता. त्याला खोलीत घेतलं नाही.

पॅरिसच्या तहात नेमकं काय बघायचं?

क्रियापदं. पहिल्या कलमात स्पेन क्यूबावरचा हक्क ‘सोडतो’. कोणाला देतो ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या कलमात पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला ‘देतो’. तिसऱ्यात फिलिपिन्स ‘देतो’ आणि पैशांचा उल्लेख येतो. नववं कलम सगळ्यात कमी वाचलं जातं आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे : तिथल्या मूळ रहिवाशांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकेची संसद ठरवेल. याआधीच्या तहांत रहिवाशांना नागरिकत्वाचं काहीतरी आश्वासन असायचं. इथे ते गाळलं.

तह १० डिसेंबर १८९८ चा. सेनेटने तो ६ फेब्रुवारी १८९९ ला ५७ विरुद्ध २७ ने मंजूर केला, लागत होती त्यापेक्षा एकच मत जास्त.

एक चूक तहातच राहिली होती. फिलिपिन्सची हद्द अक्षांश-रेखांशांच्या रेषांनी आखली होती आणि दक्षिणेकडची सिबुतू आणि कागायान दे सुलू ही बेटं त्या रेषांच्या बाहेर पडली. १९०० मध्ये स्पेनशी वेगळा तह करून आणखी १ लाख डॉलर मोजावे लागले.

फिलिपिन्समध्ये जे झालं ते बंड की युद्ध?

अमेरिकन सरकारी कागदांत अनेक वर्षं ‘बंड’ असाच शब्द होता. बंड म्हणायला आधी राज्य कायदेशीर असावं लागतं. पहिली गोळी ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाबाहेर सुटली, तेव्हा तहाला सेनेटची मंजुरीही मिळालेली नव्हती. फिलिपिनोंकडे मालोलोसला संमत झालेली घटना होती आणि २३ जानेवारीपासून प्रजासत्ताक होतं. इथे ‘युद्ध’ हाच शब्द योग्य आहे.

नोव्हेंबर १८९९ पर्यंत समोरासमोरच्या लढाया संपल्या आणि गनिमी कावा सुरू झाला. मराठी वाचकाला पुढचं समजायला फार कष्ट पडणार नाहीत. गावात दिवसा शेतकरी, रात्री शिपाई. एका गावाचा एकच कारभारी दोन्ही सरकारांना कर देतो. हे तोडायचं तर गाव आणि शिपाई यांची नाळ तोडावी लागते. अमेरिकन लष्कराने ती तीन प्रकारे तोडली.

पहिला प्रकार छळ. ‘पाण्याचा उपचार’ या नावाखाली माणसाला उताणं पाडून तोंडात पाणी ओतत राहायचं, पोट फुगलं की दाबून बाहेर काढायचं, पुन्हा ओतायचं. १९०२ मध्ये सेनेटच्या समितीपुढे सैनिकांनीच साक्षी दिल्या. मेजर ग्लेन या अधिकाऱ्याला त्याबद्दल झालेली शिक्षा : एक महिना निलंबन आणि ५० डॉलर दंड.

दुसरा प्रकार सूड. २८ सप्टेंबर १९०१ ला सामार बेटावर बालांगिगा गावात लोकांनी अमेरिकन तुकडीवर सकाळच्या न्याहारीच्या वेळी हल्ला केला. ४८ सैनिक मेले. जनरल जेकब स्मिथने बेट ओसाड रान करून टाका असा हुकूम दिला आणि हत्यार उचलू शकेल असा प्रत्येकजण मारायचा म्हणून सांगितलं. वयाची मर्यादा विचारल्यावर उत्तर आलं, दहा वर्षं. हुकूम अक्षरशः पाळला गेला नाही, पण गावं जाळली गेली. स्मिथचं कोर्टमार्शल झालं, त्याला समज देण्यात आली आणि रूझवेल्टने त्याला निवृत्त केलं. गावच्या चर्चच्या घंटा सैनिक घेऊन गेले होते. त्या डिसेंबर २०१८ मध्ये परत आल्या.

तिसरा प्रकार सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात जीवघेणा. डिसेंबर १९०१ मध्ये बातांगास प्रांतात जनरल बेलने लोकांना २५ तारखेपर्यंत ठरलेल्या हद्दीत यायला सांगितलं. हद्दीबाहेर राहिलेलं धान्य आणि गुरं जप्त किंवा नष्ट. दाटीवाटीने कोंबलेले लोक, अपुरं अन्न, मलेरिया, आणि १९०२ मध्ये कॉलरा. सेनापती मिगेल माल्वार एप्रिल १९०२ मध्ये शरण आला. क्यूबात स्पॅनिश जनरल वायलरने १८९६ पासून हेच केलं होतं आणि अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्याला ‘खाटीक’ म्हटलं होतं. युद्धाला जाण्याचं मोठं नैतिक कारण तेच सांगितलं गेलं होतं.

मग मृतांचा आकडा वेगवेगळा का दिसतो?

अमेरिकन मृत ४,२०० हून अधिक. त्यावर फारसा वाद नाही. फिलिपिनो सैनिक सुमारे २०,०००. सामान्य लोकांचा आकडा २ लाखांपर्यंत दिला जातो, काही जण त्याहून बराच जास्त धरतात. फरक पडतो तो कॉलऱ्याच्या मृत्यूंमुळे. साथ युद्धात मोजायची की निसर्गात? छावण्यांतल्या उपासमारीने माणसं आधीच खचली होती, हे लक्षात घेतलं तर ती पूर्णपणे निसर्गाच्या खात्यात टाकता येत नाही.

अगिनाल्दो कसा सापडला?

युक्तीने, आणि अन्न मागून. त्याचा जासूद अमेरिकनांच्या हाती लागला, पत्रांतून ठिकाण कळलं : ईशान्य लुझॉनमधलं पालानान. ब्रिगेडियर जनरल फन्स्टनने माकाबेबे या गावच्या, अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या ८० च्या आसपास शिपायांना बंडखोरांचे कपडे चढवले. स्वतः फन्स्टन आणि चार अधिकारी ‘कैदी’ झाले. पकडलेल्या बंडखोर सेनापतीच्या कागदावर खोटी पत्रं लिहून कुमक येते आहे असं कळवलं. वाटेत त्यांचं अन्न संपलं, तेव्हा त्यांनी अगिनाल्दोलाच निरोप पाठवला आणि त्याने तांदूळ पाठवले. २३ मार्च १९०१ ला तो पकडला गेला. पुढच्या महिन्यात त्याने निष्ठेची शपथ घेतली. युद्ध संपल्याची अधिकृत घोषणा ४ जुलै १९०२ ला झाली. दक्षिणेत मोरो मुसलमानांशी लढाया १९१३ पर्यंत चालल्या.

संत्र्यांचा खटला काय आहे?

पोर्तो रिको समजायचं तर ही पेटी उघडावी लागते.

१९०० मध्ये पोर्तो रिकोसाठी फोरेकर कायदा आला. बेटावरून अमेरिकेत येणाऱ्या मालावर नेहमीच्या जकातीच्या १५ टक्के जकात त्याने बसवली. डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याच्या कंपनीने सान हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आणली. जकात झाली ६५९ डॉलर ३५ सेंट. त्याने निषेध नोंदवून पैसे भरले आणि दावा ठोकला. मुद्दा साधा होता : घटनेनुसार जकात अमेरिकेत सगळीकडे सारखी हवी. पोर्तो रिको अमेरिकेत असेल तर जकात शून्य.

२७ मे १९०१ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने निकाल दिला : जकात वैध. त्याच दिवशी दुसऱ्या एका साखरेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की तहानंतर पोर्तो रिको हा परदेश राहिला नाही, म्हणून १९०० च्या आधी घेतलेली जकात बेकायदा. म्हणजे बेट परदेश नाही आणि देशाचा भागही नाही. न्यायमूर्ती व्हाइटच्या शब्दांत, घरगुती अर्थाने परकं. अंगणात आहे, पण उंबऱ्याच्या आत नाही.

संत्र्यांच्या खटल्याचं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्राउन. १८९६ मध्ये काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे ठेवण्याला वैध ठरवणारा निकालही त्यांचाच. दोन्ही वेळा विरोधी मत देणाऱ्यांत हार्लन होते. संत्र्यांमागे खरी भीती जकातीची नव्हतीच. फिलिपिन्सच्या लाखो लोकांना घटनेचे सगळे हक्क द्यावे लागतील, ही होती.

१९१७ मध्ये पोर्तो रिकोच्या लोकांना नागरिकत्व मिळालं, पण ‘समाविष्ट न केलेला प्रदेश’ हा दर्जा तसाच राहिला. तिथे राहणाऱ्याला आजही अध्यक्षाला मत देता येत नाही. न्यूयॉर्कला राहायला गेला की देता येतं.

क्यूबा खालसा का केलं नाही?

आधीच शब्द दिला होता म्हणून. एप्रिल १८९८ मध्ये युद्धाच्या ठरावात टेलरची दुरुस्ती जोडली गेली : क्यूबावर सार्वभौमत्व गाजवण्याचा इरादा नाही. कोलोरॅडोच्या या सेनेटरच्या राज्यात बीटच्या साखरेचा धंदा उभा राहत होता; क्यूबाची साखर जकातीविना आत येऊ नये हेही त्यामागे होतं, असं अनेक इतिहासकार मानतात. शब्द फिलिपिन्सबद्दल दिला नव्हता, हेही लक्षात असू द्या.

मग शब्द न मोडता हात कसा ठेवायचा? उत्तर म्हणजे लष्करी खर्चाच्या विधेयकाला जोडलेली मार्च १९०१ ची प्लॅट दुरुस्ती. क्यूबाने परक्या सत्तेशी स्वातंत्र्याला बाधक तह करायचा नाही, झेपणार नाही असं कर्ज काढायचं नाही, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क द्यायचा, कोळशाच्या आणि आरमाराच्या ठाण्यांसाठी जमीन द्यायची. हे क्यूबाच्या घटनेत घालेपर्यंत सैन्य हलणार नव्हतं. घटना समितीने १६ विरुद्ध ११ ने मान डोलावली आणि २० मे १९०२ ला अमेरिकन झेंडा उतरला. १९०६ मध्ये हस्तक्षेपाचा हक्क वापरून सैन्य परत आलं, १९०९ पर्यंत राहिलं.

ज्याने १८०२ चा वसईचा तह वाचला आहे त्याला हे कलमांचं वळण ओळखीचं वाटेल. तैनाती फौजेचा खर्च मात्र बाजीरावाला मुलूख तोडून द्यावा लागला. क्यूबाकडून खंडणी घेतली नाही, फक्त एक खाडी घेतली.

ती ग्वांतानामो. तिचं भाडं किती?

१९०३ च्या कराराने वर्षाला २,००० डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. १९३४ मध्ये प्लॅट दुरुस्ती रद्द झाली, पण त्याच तहात लिहिलं की भाडेपट्टा दोघांच्या संमतीनेच संपेल किंवा अमेरिका जागा सोडून गेली तर. मुदत नाही. पुढे भाडं ४,०८५ डॉलरवर आलं. क्रांतीनंतर क्यूबाने १९५९ चा एकच चेक वटवला, तोही गोंधळात वटला असं कास्त्रोचं म्हणणं होतं. नंतरचे वटवलेले नाहीत.

पनामा यात धरायचा का?

धरावा. कोलंबियाच्या सेनेटने ऑगस्ट १९०३ मध्ये कालव्याचा करार फेटाळला. ३ नोव्हेंबरला पनामात उठाव झाला. तो दाबायला कोलंबियाचे पाचेकशे सैनिक कोलोन बंदरात उतरले होते, पण पनामा शहरात जायला रेल्वे एकच आणि ती अमेरिकन कंपनीची. व्यवस्थापकाने सेनाधिकाऱ्यांना खास डब्यात बसवून पुढे पाठवलं, सैनिकांना डबे नाहीत म्हणून मागे ठेवलं. अधिकारी पोचताच अटकेत. तीन दिवसांत अमेरिकेची मान्यता. १८ नोव्हेंबरला तह. त्यावर पनामाच्या वतीने सही केली बुनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने, पनामाचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोचायच्या काही तास आधी. १० मैल रुंद पट्टा, १ कोटी डॉलर रोख. कालवा १९१४ ला उघडला, १९९९ च्या शेवटच्या दिवशी पनामाकडे गेला.

अमेरिकेत कोणी विरोध केला नाही?

केला, मोठमोठ्या माणसांनी. १८९८ मध्ये बॉस्टनला साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला. मार्क ट्वेन, उद्योगपती कार्नेगी, कामगारनेता गॉम्पर्स एकाच बाजूला होते. पण कारणं एक नव्हती. कोणी घटनेचा आधार घेत होता, कोणाला स्वस्त मजुरांची भीती होती, आणि दक्षिणेतले काही सेनेटर उघडपणे म्हणत होते की आम्हाला आणखी काळे-सावळे लोक देशात नकोत. विरोधक म्हणजे उदारमतवादी असं गृहीत धरलं तर इथे घसरायला होतं. १९०० च्या निवडणुकीत मॅकिन्ली पुन्हा निवडून आला.

किपलिंगची ‘गोऱ्या माणसाचं ओझं’ ही कविता भारताबद्दल आहे ना?

नाही. किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत, जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात झाला, त्यामुळे आपण ती आपल्यावर ओढून घेतो. ती फेब्रुवारी १८९९ मध्ये छापून आली आणि तिच्या उपशीर्षकातच अमेरिका आणि फिलिपिन्सची नावं आहेत.

परीक्षेत तारखांचा घोळ कुठे होतो?

युद्ध २५ एप्रिल १८९८ ला जाहीर झालं पण २१ पासून लागू धरलं. दोन्ही तारखा दिसतील. हवाईचं विलीनीकरण ठरावाने ७ जुलैला, झेंडा बदलला १२ ऑगस्टला, म्हणजे योगायोगाने युद्धबंदीच्याच दिवशी. आणि फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन : अमेरिकेने ४ जुलै १९४६ ही आपल्याच स्वातंत्र्यदिनाची तारीख दिली होती. १९६२ मध्ये अध्यक्ष माकापागालने तो दिवस १२ जूनवर नेला, काविटच्या १८९८ च्या घोषणेच्या तारखेवर.